येणे बाकी

दुरोव्हर्नमच्या कोठारात मी अजून रोज जाऊन बसतो.
कुलूप आहे, किल्ली आहे, धान्य नाही.
उंदीर कधीच गेले. त्यांना आधी कळतं.

शिपायांच्या पगाराची शेवटची पेटी आली तेव्हा
माझे सगळे दात जागेवर होते.
पुढे आहे तीच चांदी फिरत राहिली
या हातातून त्या हातात,
आणि प्रत्येक हातानं कातरीनं थोडी उतरवून घेतली.
कड गेली, कडेची अक्षरं गेली,
बादशहाचा चेहरा मात्र कुणी कापला नाही.
भीती म्हणा, नाहीतर सवय.
नखाएवढा बादशहा.
त्याला आज एक अंडं येत नाही.

मी आपला लिहीत गेलो, मेणाच्या पाटीवर, तारीखवार.
पश्चिमेचा मळा: जव, वीस मापं. येणे.
व्हेलोरिगा, विधवा: लोकर, दोन गाठी. येणे.
टॅमोनियस कुंभार: भट्टी विझलेली, मुलगे परागंदा.
तरी येणे.
वसुलीला माणूस नव्हता.
रस्ता होता, सरळसोट, दगडी,
त्यावर घालायला गाढव नव्हतं.
वरून पत्र आलं म्हणे, की आपलं आपण बघा.
कुणी वाचलं, कुठे वाचलं, मला ठाऊक नाही.
माझ्या दफ्तरी त्याची नोंद नाही.

मग पूर्वेकडून, भरतीबरोबर, होड्या.
किनाऱ्याकडे दोन दिवस धूर दिसला.
माझ्या बहिणीचा एनिकस मीठ आणायला गेला होता,
तो अजून यायचाय.
मी उशाशी कुऱ्हाड घेऊन बसलो तलवारींची वाट बघत,
आणि वेशीतून आत आली
एक म्हातारी, तीन पोरं,
दोरीला लंगडी शेळी,
डोक्यावर पालथी कढई घेतलेली टेट्टा.

स्नानगृहाच्या अंगणात त्यांनी कमरेएवढा खड्डा खणला,
वर गवताचं छप्पर टाकलं.
हाताशी दगडी भिंती असताना!
भाषा नव्हती, म्हणून मी भिंतीवर थाप मारून विचारलं.
टेट्टानं भिंतीला हात लावला,
तोच हात गालाला लावला,
आणि कुडकुडून दाखवलं.
खरंच की.
फरशीखालचा जाळ थांबला
की ही भिंत म्हणजे थडगंच.

मी छपराचे खिळे उपटून द्यायचो, ती जवाची भाकरी.
ती काठीवर खाच पाडायची: एक खिळा, एक खाच.
माझ्याकडेही एकाला एकच रेघ.
तिनापर्यंत आमचं छान जमायचं.
पाचाला भांडण.

थंडीत तिला मेण हवं झालं,
चामडं शिवायच्या दोऱ्याला लावायला.
मधमाश्या कुठे होत्या तेव्हा.
मी पाट्या काढल्या. एकोणतीस.
निखाऱ्याशी धरून एकेक खरवडली.
पश्चिमेचा मळा वितळला.
टॅमोनियस वितळला, त्याची भट्टीही.
व्हेलोरिगा सगळ्यात शेवटी.
तिचं नाव मी जरा खोल लिहीत असे,
का, ते आता विचारू नका.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
या गावात कुणाकडून काही येणं नव्हतं.

मेणाच्या गोळ्यावरून तिनं दोरा ओढला, सर्र.
पहिले टाके माझ्याच जोड्याला घातले.

रिकाम्या फळ्याही तिनं मागून घेतल्या, मडक्यांवर झाकायला.
एक उजेडाकडे धरली. बोट फिरवलं.
लाकडावर ओरखडे होते, ओळीनं.
लेखणीचं टोक मेणाखाली उतरत होतं इतकी वर्षं,
आणि मला पत्ता नाही.
तिनं भुवई उंचावली: हे काय?
मी बोट वळवळवून दाखवलं. किडा.
लाकडाला लागतोच.
वुर्म, ती म्हणाली.
मी दोनदा म्हणून पाहिलं. वुर्म. वुर्म.
टिपून ठेवावा म्हटलं
तर पाटी नव्हती.